छ २४ सवाल

५ जुलै १८८६, सोमवार. कल्याण.

पुण्याहून मागवलेले रत्न आज शाळेत दाखल झाले. हरिहर गणेश बेहेरे, बी. ए., वय वर्षे चोवीस. पगडी नवी, जोडा नवा, आणि डोक्यात जे काय आहे तेही नुकतेच भरलेले. शाळेच्या मंडळीचे मुख्य अण्णा दिघे वकील त्याला वर्गावर्गातून मिरवीत माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "हे आमचे विश्राम राघो राऊत. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत अठरा वर्षे दप्तर सांभाळून आले. सध्या इतिहास हेच पाहतात."

'सध्या' हा शब्द मी नीट ऐकला.

मी कोणतीही परीक्षा दिलेली नाही. बाप गेला तेव्हा मराठी तिसरीत होतो. इंग्रजी मी कोशावरून शिकलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. मोडीचे म्हणाल तर वाळवी लागली म्हणून लोक जो कागद चुलीत घालतात तो मी वाचतो. हे अण्णांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी शाळा निघाली तेव्हा इतिहासाला माणूस मिळेना, म्हणून ते स्वतः माझ्या ओटीवर येऊन बसले होते. आता पदवीवाला मिळाला.

बेहेऱ्याने मला वाकून नमस्कार केला. पुण्याचे लोक नमस्कार फार वाकून करतात.

९ जुलै, शुक्रवार.

मला पाचवी व सहावी ठेवून सातवी, म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, बेहेऱ्याला दिला. दोन्ही वर्गांच्या मध्ये बांबूचा तट्ट्या आहे, त्यामुळे ऐकण्यासाठी काही खटपट करावी लागत नाही. एका तासात मी टिपलेल्या चुका: वसईचा वेढा सांगताना खाडीच्या तोंडाचा भूगोल उलटा सांगितला, कळव्याचे नाव घेतले पण ते खाडीच्या कोणत्या तीरावर हे सांगता आले नाही, साष्टी म्हणायच्या ऐवजी इंग्रजांप्रमाणे 'सालसेट' म्हणाला, तेही चार वेळा.

मुले सहा वेळा हसली. माझ्या वर्गात गेल्या दोन वर्षांत कोणी हसलेले नाही.

तास संपल्यावर त्याने मुलांना विचारले की कळवे कोणत्या अंगाला, हे कोणी सांगेल काय. एकाने सांगितले. त्यावर हा म्हणतो, "बरे झाले, मी आज शिकलो." शिक्षकाने वर्गात हे बोलावे? मुलांनी अशा माणसाला का मानावे ते मला कोणी समजावून द्यावे.

१९ जुलै, सोमवार.

अण्णांनी बोलावून घेतले. पानाचा डबा पुढे केला, तेव्हाच ओळखले की बातमी वाईट आहे. म्हणाले, एवढ्याशा शाळेला इतिहासाचे दोन मास्तर शोभत नाहीत. ऑगस्टअखेर डिपुटी इन्स्पेक्टर तपासणीला येतील, ते दोघांचे काम पाहतील, आणि त्यांच्या शेऱ्यावरून एक राहील.

मी विचारले, दुसऱ्याने काय करायचे? म्हणाले, "तुमच्यासारख्याला काय कमी आहे, विश्रामराव. घरची भातजमीन आहे."

मी उठून आलो. पान घेतले नाही. या गावात मला लोक राऊत कारकून म्हणत असत. दोन वर्षांपासून मास्तर म्हणतात. बाजारपेठेतून जाताना तराजू धरलेला माणूससुद्धा हात उचलून रामराम करतो. ते सगळे या चोवीस वर्षांच्या पोराच्या पदरात टाकून मी खडवलीच्या बांधावर जाऊन बसावे, अशी अण्णांची सोय आहे.

मी बसणार नाही.

२२ जुलै, गुरुवार.

सापडला. माझ्या हाती तो सापडला.

आज तट्ट्यापलीकडून बेहेऱ्याने मुलांना लिहून दिले की इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला सन १७७४ च्या डिसेंबरात घेतला. पुस्तकात तसेच आहे, म्हणून याने तसेच सांगितले. याला पुस्तकापलीकडे जग आहे हे ठाऊक नाही.

माझे खापरपणजे त्या कोटात, जिथे आता तुरुंग आहे, तिथे लिहिण्याच्या कामावर होते. त्यांच्या हातचे एक पत्र माझ्या रुमालात आहे. (दप्तर बांधायच्या फडक्याला आम्ही रुमाल म्हणतो. बेहेऱ्याला हेही सांगावे लागले होते.) पत्रात स्पष्ट ओळ आहे: कोट ठाणे टोपीकरांनी छ २४ सवाली घेतला, सन खमस सबैन मया व अलफ. छ म्हणजे चंद्र, सवाल हा मुसलमानी महिना, त्याचा चोविसावा चंद्र. पुढे जुन्या दप्तरांत चालणारा अरबी सन अक्षरांत दिलेला आहे. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण अकराशे पंचाहत्तर. त्यात सहाशे मिळवले की इसवी सन निघतो. सतराशे पंचाहत्तर.

पुस्तक एका वर्षाने चुकले आहे.

सहाशेचा हा हिशेब माझा स्वतःचा आहे. कोणी शिकवलेला नाही. कचेरीत जमाबंदीचे तीनशे बारा कागद मी त्यावर ताडून पाहिले, एकदाही खोटा ठरला नाही. डिपुटी येतील त्या दिवशी हा कागद बाहेर निघेल. तोवर बेहेऱ्याने १७७४ च घोकून घ्यावे. जितके घोकून घेईल तितके बरे.

१ ऑगस्ट, रविवार.

सकाळपासून ओटीवर तीन मुले येऊन गेली. तिघेही सातवीचे. प्रत्येकाच्या हातात घरातले जुने कागद. कोणाच्या आजोबांचे वतनपत्र, कोणाची मिठागराची कबुलायत. "मास्तर, हे वाचून दाखवा." विचारले, कोणी पाठवले? तर बेहेरे मास्तरांनी. त्यांनी सांगितले म्हणे, की पुस्तक मी शिकवीन, पण कागद वाचायला शिकायचे तर राऊत मास्तरांच्या पायाशी बसा.

हेरगिरी आहे, दुसरे काय. माझ्याजवळ काय काय आहे ते पोरांकरवी काढून घ्यायचे. मी तिघांचेही कागद वाचून दिले, पण माझा रुमाल उघडला नाही.

कलावती, म्हणजे आमचे कुटुंब, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अहो, त्या पोराने तुमचे काय घेतले आहे? गंगुबाईच्या खानावळीत जेवतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात."

मी म्हटले, अजून घेतले नाही, घेणार आहे.

"तो तर तुमचे कौतुकच करत फिरतो."

बायकांना हे कळायचे नाही. कौतुक करतात ते आपल्यापेक्षा खालच्याचे.

८ ऑगस्ट, रविवार.

बेहेरे स्वतः घरी आला. पोरांपैकी कोणी बोलले असावे, किंवा मीच परवा काळुराम शिपायाजवळ "पुस्तकात साल चुकले आहे" असे बोललो ते फिरत फिरत गेले असावे. घाम पुशीत ओटीवर बसला. कलावतीने पाणी दिले. मी दिले नसते.

ठाण्याच्या कोटाविषयी आपल्याजवळ कागद आहे असे ऐकतो, पाहायला मिळेल काय, म्हणाला. मी म्हटले, कागद तपासणीच्या दिवशी सर्वांनाच पाहायला मिळेल. मग म्हणाला, निदान मजकूर कळेल काय? मजकूर सांगायला मला भीती नाही. सांगितला. तो पायरीकडे पाहत बसला, बोटांनी काहीतरी मोजल्यासारखे करीत. मग त्याने जो प्रश्न विचारला तो येथे जसाच्या तसा उतरून ठेवतो, कारण बी. ए. म्हणजे काय याचा तो नमुना आहे.

"विश्रामराव, सवाल महिना त्या वर्षी मृगाच्या आधी आला होता की नंतर?"

मी म्हटले, पुस्तक डिसेंबर म्हणते. महिन्याबद्दल माझी तक्रार नाही, सालाबद्दल आहे. डिसेंबर मृगाच्या आधी येतो की नंतर, हे पुण्यात शिकवीत नाहीत काय?

"म्हणजे नंतर," तो म्हणाला. "मृगानंतरचा कागद आहे, एवढे आपण एकदा पुन्हा पाहावे, असे मला वाटते. आपला मोठेपणा आहे, मी लहान तोंडी सांगू नये."

मी सांगितले, "मी शाळेत इतिहास शिकवतो, बेहेरे. भात पेरीत नाही. मृग काळुरामाला विचारा."

तो पुन्हा काही बोलणार होता, पण उठला. जाताना पुन्हा तसाच वाकून नमस्कार. घाबरला आहे. विषय बदलून मला गोंधळात टाकायला आला होता.

२५ ऑगस्ट, बुधवार.

आज झाले. क्रमाने लिहितो.

डिपुटी साहेब अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. गुजराती गृहस्थ, मराठी बरे बोलतात, मोडीचे एक अक्षर येत नाही. अण्णा, हेडमास्तर व मंडळीचे आणखी दोघे सातवीच्या वर्गात मागे बसले. मलाही बसवले. साहेबांनी पाच प्रश्न विचारले, मुलांनी पाचही सांगितले. मग मीच उभा राहिलो व विनंती केली की ठाण्याच्या किल्ल्याचे साल विचारावे. विचारले. सगळा वर्ग म्हणाला, सतराशे चौऱ्याहत्तर.

मी म्हटले, साहेब, चूक. आणि कागद काढला.

सारा मजकूर वाचून दाखवला, खमस-सबैनची फोड केली, सहाशेचा हिशेब सांगितला, तीनशे बारा कागदांची गोष्ट सांगितली. साहेब कागद उजेडाकडे धरून पाहत राहिले, जणू त्यांना कळतच होते. "वंडरफुल," म्हणाले. मग बेहेऱ्याकडे वळले, "तुमचे काय म्हणणे आहे?"

बेहेऱ्याने कागद हातात घेतला. बराच वेळ घेतला; माझ्या घड्याळाने जवळजवळ दोन मिनिटे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मुलांकडे, आणि म्हणाला, "कागद अस्सल आहे, साहेब. आणि विश्रामरावांनी तो अक्षर न अक्षर बरोबर वाचला आहे. इतके चांगले मोडी वाचणारा मी तरी पाहिला नाही."

बस. एवढेच. बी. ए. ची सारी हवा दोन वाक्यांत गेली. साहेबांनी शेऱ्याच्या बुकात लिहिले की या शाळेत स्थानिक संशोधन करणारे शिक्षक आहेत ही अभिमानाची गोष्ट. अण्णांनी बाहेर येताना माझा दंड धरला. बाजारातून येताना मी मुद्दाम लांबची वाट घेतली.

२८ ऑगस्ट, शनिवार.

बेहेऱ्याने राजीनामा दिला. अण्णा सांगत होते, त्याला जा म्हणायची वेळच आली नाही, स्वतःच चिठ्ठी घेऊन आला. शाळेने विश्रामरावांना सोडू नये, असे वर सांगून गेला. चोराला पळून जायचेच होते, दाराला कडी लावून गेला एवढेच. नगराकडे कुठल्याशा शाळेत जाणार आहे म्हणतात.

अण्णांना लगेच विचारले, मग मी 'सध्या' की कायम? त्यांना लाज वाटली असावी. कायम, म्हणाले. सोमवारपासून सातवी माझी.

जाण्याआधी बेहेरे वर्गाचा निरोप घ्यायला गेला होता. तासभर दार लावून बसला होता. आत काय बोलला ते काळुरामाला ऐकू आले नाही. आज मुले हसत नव्हती, एवढे मात्र तो म्हणाला.

६ सप्टेंबर, सोमवार.

सातवी ताब्यात आल्याला आठवडा झाला. शिस्त परत आणली आहे. रोज तासाच्या सुरुवातीला मी विचारतो, ठाण्याचा किल्ला कधी पडला? आणि सगळा वर्ग एका आवाजात म्हणतो, सतराशे पंचाहत्तर, मास्तर. एकही मागे राहत नाही. पुस्तकात साल छापलेले आहे त्यावर मी प्रत्येकाकडून शाईची रेघ मारून घेतली.

कलावती विचारते, परीक्षा घेणाऱ्याने पुस्तकातलेच साल धरले तर? मी म्हटले, मग परीक्षा घेणारा चुकेल.

२६ सप्टेंबर, रविवार.

हे लिहावे की नाही, याचा सकाळपासून विचार करतो आहे. ही वही मी खोटे लिहायला ठेवलेली नाही.

उद्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा पाठ घ्यायचा होता. त्याच रुमालात त्यावेळची एक चिठी आहे. पुण्यात भाद्रपदात अनर्थ झाल्याची बातमी कल्याणास आली, असा मजकूर. सन अर्बा सबैन मया व अलफ. अर्बा चार. अकराशे चौऱ्याहत्तर. मी सहाशे मिळवले. सतराशे चौऱ्याहत्तर.

नारायणरावांचा खून १७७३ सालचा. यात शंकेला जागा नाही; शके १६९५ ठिकठिकाणी लिहिलेले आहे, माझ्या स्वतःच्या टाचणात आहे. पुन्हा मिळवले. पुन्हा तेच. कागद तपासला, अर्बाच आहे, खमस नाही, तीनचा सलासही नाही.

दुपारी काळुराम सोमवारच्या घंटेची वेळ विचारायला आला, तेव्हा मी त्याला सहज विचारावे तसे विचारले, गड्याचे साल तुम्ही कधीपासून धरता?

"मिरगापासून, मास्तर. दुसरा कवा?" आणि हसला. एवढ्या शिकलेल्या माणसाने हे विचारावे याचे हसला.

तो अरबी सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर पाचशे नव्व्याण्णव मिळवायचे, पुढे मृगापर्यंत सहाशे. माझे तीनशे बारा कागद जमाबंदीचे. जमाबंदी होते फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. एकही कागद मृगानंतरचा नव्हता. तीनशे बारा वेळा सहाशे बरोबर आले, कारण मी एकाच हंगामात उभा राहून पाहत होतो.

डिसेंबर मृगानंतर येतो.

सतराशे चौऱ्याहत्तर. पुस्तक बरोबर आहे.

२७ सप्टेंबर, सोमवार.

शाळेत गेलो. विचारले. सतराशे पंचाहत्तर, मास्तर, म्हणाले. मी पुढचा पाठ घेतला.

कोणाला कळणार आहे? डिपुटींना मोडी येत नाही. अण्णांना येते तेवढे दस्तापुरते. सांगितले तर अण्णा पहिले काय करतील ते मी जाणतो, नगराला पत्र. शेऱ्याच्या बुकातला शेरा कोण पुसणार? आणि मला पुन्हा राऊत कारकून म्हणायला या गावाला एक बाजारचा दिवस पुरेल.

ऑगस्टच्या पंचविसाव्याचे पान पुन्हा वाचले. 'विश्रामरावांनी तो अक्षर न अक्षर बरोबर वाचला आहे.' वाचला आहे. हिशेब बरोबर केला आहे असे तो म्हणालाच नाही. मी तेव्हा शब्द न शब्द टिपून ठेवला, आणि एकही ऐकला नाही.

त्याला माझ्या ओटीवरच कळले होते. तपासणीला तो तोंड उघडता तर मी त्याच क्षणी सातवीच्या पोरांपुढे, अण्णांपुढे, खलास. त्याने उघडले नाही. जागा सोडून दिली. मी मागितली नव्हती, त्याने दिली. आजवर त्याच्याविषयी जो राग होता तो काहीच नव्हता, असे आज वाटते. माझ्यावर उपकार करायचा अधिकार या पोराला कोणी दिला? मला पाडले असते तर मी उठून भांडलो असतो. याने मला उचलून खुर्चीवर बसवले आणि निघून गेला. आता मी भांडू कोणाशी?

२९ सप्टेंबर, बुधवार.

ज्वर आल्याचे कळवून घरी राहिलो. ज्वर नाही.

परीक्षा नोव्हेंबरात, मुंबईस. अकरा मुले बसणार आहेत. ठाण्याचा किल्ला विचारला, आणि अकराही जणांनी १७७५ लिहिले, तर अकरा ठिकाणी एकच चूक दिसेल, आणि ती कोणाची हे मुंबईत बसून कळेल. पण मला खरे खटकते ते तेही नाही. मी आयुष्यात कागदाशी एकदाही खोटे वागलो नाही. आता रोज अकरा तोंडांनी वागतो आहे.

एक मार्ग सुचला आहे. मुलांना सांगावे की परीक्षेपुरते पुस्तकातले साल लिहा, परीक्षकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. कागद कागदाच्या जागी राहील, माझे बोलणे माझ्या जागी राहील, आणि मुलांचे नुकसान होणार नाही. भित्रेपणा आहे. पण त्यातल्या त्यात बरा.

कलावतीला काही बोललो नाही. तिने मात्र संध्याकाळी विचारले, "त्या बेहेऱ्यांचा नगरचा पत्ता आहे का हो?" मी विचारले, कशाला? "काही नाही," म्हणाली.

१ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज वर्गात जे झाले ते असे.

हजेरी घेतली. अकराही हजर. नेहमीप्रमाणे विचारले, ठाण्याचा किल्ला कधी पडला? सतराशे पंचाहत्तर, मास्तर. मग मी ठरवून ठेवलेले वाक्य सुरू केले. म्हटले, बरोबर, परंतु परीक्षेत हा प्रश्न आला तर तुम्ही...

माझे वाक्य मी पुरे करण्याआधीच, रोजच्या त्याच एका आवाजात, रोजच्या त्याच सवयीने, वर्ग म्हणाला, "सतराशे चौऱ्याहत्तर, मास्तर."

मुलांच्या लक्षात आले की आपण काय बोललो. पहिल्या बाकावरचे दोघे खाली पाहू लागले.

मी विचारले, हे कोणी सांगितले? दुसऱ्यांदा विचारले. शेवटी तुकारामशेटचा रतन उभा राहिला, वर्गातला सर्वांत मोठा, मिशी फुटलेला.

"बेहेरे मास्तरांनी. जायच्या दिवशी. म्हणाले, राऊत मास्तर विचारतील तेव्हा पंचाहत्तर सांगायचे, परीक्षेत चौऱ्याहत्तर लिहायचे. आणि मृगाचा हिशेब शिकवला."

"आणखी काय म्हणाले?"

मग म्हणाला, "म्हणाले, की हे मास्तरांना आपणहून कळेल. तोपर्यंत कोणी हसायचे नाही."

म्हणजे पाच आठवडे. रोज सकाळी मी विचारीत होतो आणि अकरा जण मला सांभाळून घेत होते. शिस्त म्हणून मी जिच्याकडे पाहत होतो ती ही होती. आताही कोणी हसत नव्हते. हसले असते तर मी छडी घेतली असती, मला काहीतरी करता आले असते.

खडू घेतला. फळ्यावर १७७४ लिहिले. खाली लिहिले: मृगानंतर ५९९. म्हटले, उतरून घ्या.

कोणीही लेखणी उचलली नाही. सगळ्यांच्या वहीत ते होतेच.